डिकीतला सीबी रेडिओ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हिवाळ्यातल्या लांबच्या प्रवासात गाडीत काय काय असावे, याची यादी आम्ही मागे दिली होती. त्यात सीबी रेडिओचे नाव होते. त्यावर अमेरिकेतल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले, एक पुण्याहूनही आला. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ४० चॅनल, अमेरिकेत कोणालाही वापरता येणारे. दोन सेट एकमेकांशी थेट बोलतात, मधे टॉवर लागत नाही. त्यामुळे मोबाइलची रेंज गेली तरी याचे काम चालू राहते.

प्रश्न (डेन्व्हर) : हातात धरायचा सीबी घेतला. पेटीत सेट, वीतभर रबरी अँटेना, छतावर ठेवायचा चुंबकाचा अँटेना आणि लायटर सॉकेटचा प्लग आहे. गाडीत बसून चॅनल ९ वर तीन-चारदा हाक मारली, कोणी उत्तर दिले नाही. सेट खराब आहे का?

बहुधा नाही. तुमच्या दोन गोष्टी चुकल्या.

पहिली, रबरी अँटेना गाडीच्या आत वापरलात. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ११ मीटर असते. तिला साजेसा पाव लांबीचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. वीतभर रबरात तेवढी लांबी तार गुंडाळून बसवलेली असते आणि त्यात बरीचशी शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. त्यात तुम्ही बसलात पत्र्याच्या डब्यात. ११ मीटरच्या लहरीला गाडीची खिडकी म्हणजे सुईचे भोक. असा सेट गाडीतून जेमतेम किलोमीटरभर पोचतो. तोच सेट छतावरच्या अँटेनाला जोडला की सपाट माळावर ५ ते ८ किलोमीटर सहज मिळतात. रबरी अँटेना गाडी सोडून चालत जावे लागले तर कामाचा. तेव्हाही सेट उभा धरावा, आडवा नाही.

दुसरी चूक चॅनलची. चॅनल ९ अमेरिकेत आणीबाणीसाठी राखून ठेवलेला आहे, ते खरे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या रिॲक्टसारख्या संघटनांचे स्वयंसेवक एके काळी त्यावर पाळीपाळीने कान लावून बसत. मोबाइल आले आणि ऐकणारे पांगले. आज कान असतात ते ट्रकवाल्यांचे, आणि ते असतात चॅनल १९ वर. पश्चिम किनाऱ्यावर आय-५ महामार्गाला १७ जास्त चालतो. म्हणून आधी १९, मग ९.

सेटवर ‘हाय-लो’ असे बटण असेल तर तेही पाहा. बॅटरी वाचावी म्हणून ते ‘लो’वर ठेवलेले असते आणि मग ४ वॉटऐवजी वॉटभरच बाहेर पडतो.

प्रश्न (डॅलस) : माझ्या पिकअपच्या छताला चुंबकाचा अँटेना चिकटतच नाही. चुंबक कमजोर आहे का?

चुंबक ठीक आहे, छत ॲल्युमिनियमचे आहे. फोर्ड एफ-१५० चे अंग २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचे आहे. पूर्ण काचेच्या छतालाही हीच अडचण, आणि मोटारहोमच्या फायबरग्लासच्या छताला तर दुहेरी : चुंबक धरत नाही आणि अँटेनाखाली लागणारा धातूचा पत्राही नाही. हा पत्रा म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. ॲल्युमिनियमच्या गाडीला बॉनेटच्या कडेला किंवा टूलबॉक्सला स्क्रूने आवळायचा ब्रॅकेट घ्या आणि स्क्रूखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडू द्या. फायबरग्लासला ‘नो ग्राउंड प्लेन’ प्रकारचा अँटेना मिळतो, त्याची केबल त्याच्यासोबतचीच वापरावी लागते.

ज्यांचे छत लोखंडी पत्र्याचे आहे त्यांनी चुंबक मधोमध ठेवावा. कडेला ठेवला तर ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला आवाज लांब जातो. ठेवण्यापूर्वी छत आणि चुंबकाचा तळ ओल्या फडक्याने पुसा. मधे सापडलेला वाळूचा एक कणही रंगावर गोल चरा पाडतो.

केबल मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून, रबर मऊ असेल तिथून आत घ्या. आत वळण्याआधी तिला बाहेर थोडा खाली झोल द्या, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत सीटवर न येता तिथेच ठिबकते. दार केबलवर जोरात आपटू नका. आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली की अँटेना शॉर्ट झाला, आणि बाहेरून केबल धडधाकटच दिसते. उरलेल्या केबलचे घट्ट वेटोळे करू नका, फूटभराच्या सैल आठच्या आकड्यात सीटखाली सरकवा.

प्रश्न (न्यू जर्सी) : एसडब्ल्यूआर मीटर लागतोच का? आणि तो वापरायचा कसा?

एकदा तरी लागतो. एसडब्ल्यूआर म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, अँटेना सेटशी किती जुळतो ते सांगणारा आकडा. मित्राकडून उसना आणलात तरी चालेल. सेटने अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतला किती भाग परत येतो, ते हा मीटर सांगतो. आकडा १.५ असेल तर सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. परतलेली शक्ती सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. म्हणून २ च्या आत असले की पुरे, आणि ३ च्या वर असेल तर माइकचे बटण दाबू नये. १.५ चे १.१ करण्यात दिवस घालवणारे हौशी लोक आहेत. ऐकणाऱ्याला तो फरक कळत नाही.

गाडी मोकळ्या जागी उभी करा. गॅरेज नको, झाड नको, विजेच्या तारा नकोत. दारे लावलेली असावीत आणि अँटेनाजवळ माणूस उभा नसावा. सेट मीटरच्या ‘रेडिओ’ किंवा ‘टीएक्स’ लिहिलेल्या बाजूला आणि अँटेना ‘अँट’ बाजूला जोडा. हातातल्या सेटचे तोंड वेगळे असते, त्याचा अडॅप्टर बहुधा पेटीतच असतो. चॅनल १ लावा. कोणी बोलत नाही ना, ते ऐका. मीटरचा खटका ‘फॉरवर्ड’वर ठेवून माइक दाबा, काहीही न बोलता बटण फिरवून काटा ‘सेट’च्या खुणेवर आणा, खटका ‘रिफ्लेक्ट’वर टाका, आकडा वाचा, माइक सोडा. हे सगळे दहा सेकंदांत व्हावे. मग हेच चॅनल १९ वर आणि ४० वर. दर चॅनलला काटा नव्याने ‘सेट’वर आणायचा, इथे पुष्कळ जण चुकतात.

१ वरचा आकडा ४० पेक्षा मोठा आला तर अँटेना आखूड आहे. ४० वरचा मोठा आला तर लांब आहे. आखूड असेल तर बुडातला बारीक स्क्रू ॲलन कीने सैल करून काठी ३ मिलिमीटर वर घ्या, लांब असेल तर तेवढीच खाली. काठी तळाला टेकली तरी लांबच वाटली तरच कापायची, तीही एका वेळी ३ मिलिमीटरच. तिन्ही चॅनलवर आकडा ३ च्या वर असेल तर काठीला हात लावू नका. दोष केबलमध्ये, प्लगच्या डाखात किंवा खाली पत्रा नसण्यात आहे. काठी कापत बसलात तर अँटेनाही जाईल आणि दोष राहील तो राहीलच.

यातच एक विसरू नये : अँटेना न जोडता माइक कधीही दाबायचा नाही. तेव्हा सगळीच शक्ती परत येते.

प्रश्न (शिकागो) : इंजिन सुरू केले की सेटमध्ये शिट्टी वाजते, ॲक्सिलरेटर दिला की चढते. इंजिन बंद असतानाही कधी कधी सतत खर्र आवाज येतो.

हे दोन वेगळे आजार आहेत. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आल्टरनेटरची. लायटर सॉकेटऐवजी बॅटरीच्या दोन्ही टोकांवरून फ्यूज लावून थेट तार आणली की ती बहुतेक जाते. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, ३ अँपिअरचा. सतत खर्र येते तिचा चोर बहुधा स्वस्तातला यूएसबी चार्जर असतो, नाहीतर डॅशकॅम. स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर गप्प करणारे बटण, पूर्ण उघडा, खर्र ऐकत एकेक प्लग उपटत चला. ज्याला उपटल्यावर आवाज बसला तो गुन्हेगार. त्याची केबल फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेढे देऊन काढा, नाहीतर चार्जर बदला.

एरवी स्क्वेल्च फिरवताना खरखर जिथे थांबते तिथेच थांबा. पुढे फिरवलेत तर जवळचा ट्रक ऐकू येतो, पण पाच मैलांवरून कण्हत बोलणारा माणूस गाळला जातो. मदतीची वाट पाहत असाल तर खरखर सोसा, बटण उघडेच ठेवा.

आणखी एक : दिवसा कधी कधी दूरच्या राज्यांतले, परदेशातलेही आवाज धडाधड येतात. सूर्यावरच्या हालचाली वाढल्या की वातावरणाच्या वरच्या थरावरून या लहरी परततात. तेव्हा हजार मैलांवरचा माणूस ऐकू येतो आणि पुढच्या वळणावरचा त्यात बुडतो. तुमच्या सेटचा यात दोष नाही.

प्रश्न (सॉल्ट लेक सिटी) : वायोमिंगमध्ये आय-८० हिमवादळात बंद होतो, तेव्हा तासन् तास अडकायला होते. इंजिन बंद ठेवून सेट चालू ठेवला तर गाडीची बॅटरी उतरेल का? आणि पेन्सिल सेलवर किती चालतो?

नुसता ऐकत असताना सेट अर्ध्या अँपिअरच्या आत घेतो, बोलताना दीड ते दोन. चार तास ऐकलेत तर दोन अँपिअर-अवर गेले. गाडीची धड बॅटरी ४५ ते ६० ची असते, तिला हे जाणवतही नाही. बॅटरी खातात ते जुन्या बल्बचे हेडलाइट, दोन मिळून ९ अँपिअरच्या आसपास. ते बंद करा, सेट राहू द्या. काही गाड्यांत किल्ली काढली की लायटर सॉकेट मरते, ते घरीच तपासून ठेवा. यूएसबीचे भोक कामाचे नाही, ते ५ व्होल्टचे.

सेलच्या बाबतीत पेटीत दोन वेगळे ट्रे दिसले तर गोंधळू नका. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, म्हणून ६ सेलचा ट्रे. चार्ज होणारा १.२ चा, म्हणून ८ चा. आठच्या ट्रेमध्ये अल्कलाइन भरलेत तर १२ व्होल्ट होतात आणि चार्जर जोडला की ते सेल फुगून फुटू शकतात. अल्कलाइन सेल सेटमध्ये वर्षभर ठेवू नका, पाझरून पितळी पट्ट्या हिरव्या करतात. थंडीत ते लवकर मानही टाकतात. लिथियमचे न चार्ज होणारे डबल-ए सेल उणे ४० अंशांपर्यंत चालतात, गाडीत तेच ठेवावेत. हे सगळे डिकीत नको. मागून धडक बसली किंवा बर्फ साचला तर डिकी उघडत नाही. सीटखाली ठेवा.

उबेसाठी इंजिन सुरू करणार असाल तर आधी उतरून सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न (सॅन होजे) : माइकवर नेमके काय बोलायचे? ते ‘टेन-फोर’ वगैरे पाठ करावे लागते का?

नाही. साधे इंग्रजी पुरते. जिवावरची वेळ असेल तर ‘इमर्जन्सी’ हा शब्द आधी, मग महामार्गाचा क्रमांक, कोणत्या दिशेने, कोणता माइल मार्कर, काय झाले, किती जण जखमी आणि रस्ता अडला आहे का. ‘आय-८० वेस्टबाउंड, माइल मार्कर अमुक’ एवढ्यावर ट्रकवाल्याला जागा सापडते. गाडीचा रंग सांगा. माइल मार्करच्या पाट्या चालता चालता पाहायची सवय ठेवा, अडकल्यावर धुक्यात त्या दिसत नाहीत. माइक ओठांपासून तीन-चार बोटे लांब. बटण दाबून क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो. बोलून झाल्यावर बटण सोडा. ते दाबलेलेच राहिले तर उत्तर तुम्हाला येणार नाही आणि इतरांचाही चॅनल अडेल.

तुमचे बोलणे ज्याला पोचले त्याच्याकडे रेंज असलेला फोन असू शकतो. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला तो कळवतो, हाच सीबीचा खरा उपयोग.

प्रश्न (अटलांटा) : नव्या सेटवर एफएमही आहे. ते वापरू का?

एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, २०२१ मध्ये परवानगी दिली आहे, आवाजही स्वच्छ येतो. पण ट्रकवाले एएमवरच आहेत. प्रवासात एएम.

प्रश्न (पुणे) : भाऊ अमेरिकेहून असा सेट आणतो म्हणतो. लेहच्या प्रवासात दोन गाड्यांत वापरता येईल का?

आणू नका. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत परवान्याविना वापरायची सवलत २००५ च्या नियमांनी दिली आहे, पण ती अंगच्या अँटेनाच्या सेटला आहे. म्हणजे छतावरचा चुंबकाचा अँटेना आलाच नाही, आणि त्याविना काय होते ते पहिल्या उत्तरात आहे. शिवाय अमेरिकी सेटचे चॅनल १ ते २७ या पट्ट्यात बसतात, २८ वा २७.२८५ वर, म्हणजे पट्ट्याच्या किंचित बाहेर पडतो. तिथून ४० पर्यंतचे सगळेच बाहेर. वायरलेस सेट आयात करायला सरकारची मान्यता लागते, आणि सीमाभागातल्या तपासणी नाक्यावर ही सगळी कलमे समजावत बसणे शहाणपणाचे नाही. त्यातून आपल्याकडचे ट्रकवाले सीबी वापरत नाहीत, त्यामुळे हाक ऐकायला पलीकडे कोणी नसते. कोणा ओळखीच्या ट्रकवर लावून पाहायचा विचार असेल तर तोही सोडा : आपल्या जड ट्रकांची बॅटरी २४ व्होल्टची, १२ व्होल्टचा सेट तिथे जळतो.

दोन गाड्यांत बोलण्यापुरते हवे असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे, भारतात मान्यता मिळालेले परवानामुक्त वॉकीटॉकी घ्या. विकत घेताना मान्यतेचे प्रमाणपत्र मागा. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे मदतीचे क्रमांक फोनमध्ये असू द्या. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे जीपीएस यंत्र मात्र परवानगीविना बाळगूच नका, त्यावर अटक होते.