बांधावरच्या बाभळीत कोण आलंय ते बघ

बेटा,

तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप बरं वाटलं, कारण ऑक्टोबर लागला की मला सगळे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरचंच विचारतात, बदकं आली का, चक्रवाक आले का, आणि तू विचारलं ते बाभळीत इकडून तिकडे पळणाऱ्या बारक्या तपकिरी पक्ष्यांचं. गाडी नाही, कॅमेरा नाही, घरचे एवढ्या लांब एकटीला पाठवत नाहीत असं लिहिलंय, तर त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नको. तुला जे बघायचेत ते पक्षी तुझ्या वावराच्या बांधावरच उतरतात, त्यांच्यासाठी धरणावर जायची गरजच नाही.

आधी हे कोण आहेत ते सांगतो. हे वटवटे, माशीमार, गप्पीदास, थिरथिरे, धोबी, भारीट सगळे उत्तरेकडून येऊन राहिलेत, कुणी हिमालयातून, कुणी मध्य आशियातून, कुणी सायबेरियातून आणि काही तर थेट पूर्व युरोपातून. ग्रीनिश वार्बलर म्हणून जो हिरवट वटवट्या तुझ्या निंबावर येतो ना त्याचं वजन ७-८ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयाच्या नाण्याएवढं, आणि तो जीव एवढा प्रवास करून येतो. बहुतेक छोटे पक्षी हा प्रवास रात्री करतात. रात्री हवा थंड आणि शांत राहते, बहुतेक शिकारी पक्षी नसतात, आणि दिवसा खाली उतरून पोट भरता येतं. दिशा त्यांना ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून कळते, यावर १९५०-६० च्या दशकांपासून नीट प्रयोग झालेत. आणि मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट ही की यातले कितीतरी पक्षी त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात, आईबाप सोबत नाहीत, रस्ता आधी कधी पाहिलेला नाही, कुठल्या दिशेला उडायचं ते उपजतच घेऊन निघालेले असतात. म्हणून ऑक्टोबरातल्या सकाळी बाभळीत काही हललं तर मी तरी तिथून हलत नाही.

आता तुझा मुद्दा, सगळे सारखेच दिसतात. दिसतात, आणि पुस्तक उघडून रंग जुळवत बसली तर पुढची पाच वर्षं सारखेच दिसतील. या पक्ष्यांचा रंग मागे ठेव, आधी तो वागतो कसा ते बघ. झाडात किती उंचीवर आहे, शेंड्याला की बुडाशी, पानातून कीडे टिपतो की हवेत झेप घेऊन, शेपटी हलवतो का, हलवतो तर वर की खाली, एकटा आहे की टोळीने, आणि आवाज काय काढतो. एवढं वहीत उतरलं की नाव अर्धं हातात आलं समज.

उदाहरण देतो. ग्रीनिश वार्बलर झाडाच्या वरच्या-मधल्या पानांत राहतो, एका जागी ठरत नाही, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पंखावर एक बारीक पट्टी, आणि दर थोड्या वेळाने दोन तुकड्यांत "चि-स्वी" करतो. हा आवाज एकदा डोक्यात बसला की तू वर्गात बसून पण सांगशील बाहेर कोण आहे. हा पक्षी हिवाळाभर आपलं झाड राखून बसतो, दुसऱ्याला घुसू देत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच पक्षी त्याच जागी परत आल्याच्या नोंदी आहेत. चिफचाफ दिसायला त्याच्यासारखाच पण जास्त तपकिरी, पाय काळे, आणि शेपटी सारखी खाली झटकत राहतो, पाण्याकाठच्या झुडपांत बघ. ब्लाइथ्स रीड वार्बलर खाली दाट झुडपात लपून राहतो, दिसत कमी आणि "चक्, चक्" ऐकू जास्त येतो. लेसर व्हाइटथ्रोट म्हणजे शुभ्रकंठी वटवट्या, तो पक्का बाभळीचा, डोकं राखाडी, गाल जरा काळपट, गळा पांढरा, तो पण "टक् टक्" करतो पण झुडपाच्या वरच्या भागातून. आणि तू कधी सातपुड्यात मनुदेवीकडे किंवा पालला गेली तर खडकावर आणि झाडाच्या खोडावर चढणारा, पोटाला पिवळा आणि भुवई नारिंगी छटेची असा वटवट्या दिसेल, तो सल्फर-बेलीड वार्बलर. बघ, पाच तपकिरी पक्षी आणि पाचही वागण्यावरून वेगळे झाले.

माशीमार त्याहून सोपे. लाल गळ्याचा माशीमार झाडाच्या सावलीत खालच्या फांदीवर बसतो, शेपटी टपकन वर करतो, तेव्हा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला पांढरं दिसतं, आणि "टर्रर्र" असा बारीक आवाज. नाव लाल गळ्याचा असलं तरी मादी आणि लहान नर यांचा गळा लाल नसतो, त्यामुळे गळा शोधत बसू नको, शेपटी बघ. गप्पीदास उघड्यावर, कपाशीच्या किंवा गवताच्या शेंड्यावर बसतो. थिरथिरा दगडांच्या बांधावर, गोठ्याच्या भिंतीवर, बसल्या बसल्या शेपटी थरथरवतो, सप्टेंबर संपता संपता येतो आणि आला की मार्चपर्यंत तुमच्या खळ्यातच राहील. करडा धोबी यांच्याही आधी येतो, ऑगस्ट-सप्टेंबरातच नाल्याच्या वाहत्या पाण्याशी.

आणि एक पाहुणा असा आहे जो आपल्याकडे थांबतच नाही. स्पॉटेड फ्लायकॅचर, साधा करडा-तपकिरी माशीमार, छातीवर बारीक रेघा, उघड्या वाळक्या फांदीवर किंवा तारेवर ताठ बसतो, झेप घेतो, कीडा पकडतो आणि बऱ्याचदा परत त्याच जागी येऊन बसतो. तो मध्य आशियाकडून आफ्रिकेला जाता जाता पश्चिम भारतातून जातो, सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवढा मोका, मग वर्षभर नाही. हा दिसावा म्हणून रोज जाणारं माणूस लागतं, रविवारी धरणावर जाणाऱ्याला तो नशिबानेच दिसेल.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, एक जागा धर. तुमच्या विहिरीपासून नाल्यापर्यंतचा तो बाभळी-बोरीचा बांध धर, अर्ध्या तासात फिरून होईल एवढाच. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत जमेल तितक्या सकाळी जा, ऊन चढायच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून, सगळा वेळ चालू नको, एका बाभळीसमोर दहा-पंधरा मिनिटं बस. पाऊस परतला, आभाळ मोकळं झालं, उत्तरेचा वारा सुटला की दुसऱ्या सकाळी हमखास बघ. रोज तीच झाडं बघितली तर काल नसलेला पक्षी आज लगेच डोळ्यात भरतो, आणि स्थलांतर म्हणजे तेच की, काल नव्हता आज आहे. शंभर जागा फिरणाऱ्याला याद्या मोठ्या मिळतात पण हे मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

वही ठेव. मोबाईलमध्ये पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ईबर्ड टाक, आवाजावरून-फोटोवरून नाव सुचवणारं मर्लिन पण टाक, चांगली ॲप आहेत, पण मर्लिनने नाव दाखवलं म्हणून लिहू नको, ते फक्त इशारा देतं, पक्षी डोळ्याने बघ. ओळखला नाही तर "बारीक वटवट्या, ओळखला नाही, बाभळीत वरती, आवाज टक् टक्" एवढं लिही आणि पुढे जा. अंदाजे नाव कधीच टाकू नको. यात मी फार कडक आहे आणि त्याचं कारण आपल्याच खान्देशात आहे. रानपिंगळा माहीत आहे ना. जेम्स डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश अधिकारी १८८० च्या दशकात पश्चिम खान्देशात होता, त्याने या घुबडाचे नमुने जागा-तारीख लिहून ठेवले, आणि १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला दिसलाच नाही. त्यात मेनर्टझागेन नावाच्या माणसाने संग्रहालयातला चोरलेला जुना नमुना आपला म्हणून खपवला, त्यावर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी असं खोटं लेबल लावलं, आणि शोधणारे भलत्याच ठिकाणी भटकले. लेबल बनावट आहे हे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुना तपासून ओळखलं, मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा सापडला, ११३ वर्षांनी. खऱ्या चार ओळींनी पक्षी सापडला आणि खोट्या एका ओळीने लोकांची वर्षं वाया गेली. तुझ्या वहीतली ओळ पण उद्या कुणीतरी वाचणार आहे.

येणाऱ्यांसोबत जाणारे पण बघ. नवरंग पावसाळ्यात सातपुड्यात घरटी करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिणेकडे निघतो, तो पण रात्री, आणि कधी कधी दमून किंवा काचेला आपटून गावात, घरात, दुकानात पडलेला सापडतो. सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाड, तळाला कापड टाक, त्यात ठेवून झाकण लाव आणि शांत अंधाऱ्या खोलीत राहू दे. चोचीत पाणी ओतू नको, पोरांना हाताळू देऊ नको, फोटोसाठी बाहेर काढू नको. तासा-दोन तासात सावरला तर दिवसाउजेडी झाडीजवळ सोड, नाही तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन कर.

तुझे पप्पा भोरड्यांच्या, म्हणजे गुलाबी मैनांच्या नावाने चिडतात असं लिहिलंय, त्यांचं चूक नाही. दादर ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे पडतात, सोबत काळ्या डोक्याचे भारीट येतात, आणि ज्याचं कणीस जातं त्याला गोफण घ्यावीच लागते. पण त्यांना एवढं दाखव की याच भोरड्या जुलै-ऑगस्टातच येतात आणि तेव्हा गवतातले नाकतोडे मोठ्या प्रमाणात खातात. वाद घालू नको. एका सकाळी सोबत ने, दुर्बीण त्यांच्या हातात दे, बस.

त्यांच्याशी बोलायचं ते बांधाबद्दल बोल. आपल्याकडे केळी आणि कपाशी वाढली तसे बांध साफ होऊन राहिलेत, जेसीबी लावून बाभळी-बोरी उपटतात, राहिलेल्या गवतावर तणनाशक मारतात, आणि मला ते बघवत नाही. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला पहाटे उतरायला कीडे असलेलं झाड लागतं, केळीच्या बागेत ते त्याला फारसं मिळत नाही. तुमचा बांध अजून उभा आहे हे मोठं भाग्य आहे. पिकावर सावली पडते ती बाजू छाटा पण झाड ठेवा असं पप्पांना सांग, तुझी वही दाखवून सांग, या एका रांगेत या महिन्यात एवढे पक्षी आले म्हणून. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

बाकी सांभाळून. गवतात बूट घातल्याशिवाय पाय टाकू नको, ऑक्टोबरात घोणस असते. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या वावरात शिरू नको, बांधावरूनही दोन-तीन दिवस लांब राहा. केळीच्या बागेत अंधारात एकटी जाऊ नको, बिबट्याचा वावर राहतो. दुसऱ्याच्या वावरात जाताना आधी विचार. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नको, दमून आलेला असतो, त्याला खाऊ दे.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह राहतो, पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली साहेबांच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा कॉलेजात तुझी यादी लाव, आवाजांसकट. माझी जुनी ८ बाय ४२ दुर्बीण या रविवारी चोपड्याला येणाऱ्या पाहुण्यांसोबत पाठवतो, दिवाळीपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. लेन्स ओढणीने पुसू नको, आत कापड ठेवलंय त्यानेच पूस, आणि पहिल्या आठवड्याची पानं फोटो काढून पाठव, न ओळखलेल्या ओळींसकट.

तुझा काका