तलावपाळीवर बांधलेला लोकेशन गेम वाशी-नेरुळच्या मुलांना त्यांच्या भागात कसा खेळता येईल?

लोकेशन गेम म्हणजे फोनच्या जीपीएसवर चालणारा, ठरलेल्या जागी चालत जाऊन खेळायचा खेळ. तुमच्या गेममध्ये ठाण्याच्या तलावपाळीभोवतीच्या ८ थांब्यांचे अक्षांश-रेखांश कोडमध्येच लिहिलेले आहेत आणि तोच खेळ आता खाडीपलीकडच्या मुलांना हवा आहे. आधी ते आकडे कोडमधून काढा. थांबा त्याच्या कामावरून ओळखला जाऊ द्या: ‘पाणी दिसेल अशी जागा’, ‘जुनं झाड’, ‘बसायला कट्टा’. जागा खेळाडू भरेल.

थांब्यांची मूळ आकृती उचलून आपोआप दुसरीकडे टाकायचा मोह होतो, तो टाळा. वाशीला खाडीकाठच्या सागर विहारला तीच आकृती ठेवलीत तर काही थांबे थेट खाडीत पडतील. खेळाडूला चालत तिथे जाऊन ‘इथे’ बटण दाबू द्या. तिथवर पाय पोचले, म्हणजे जागा जाण्यासारखी आहे हे तिथेच सिद्ध झालं.

बटण दाबल्यावर जीपीएसचं पहिलंच रीडिंग मात्र घेऊ नका. २० सेकंद उभं राहायला सांगा, सेकंदाला एक रीडिंग घ्या, ज्यांची अचूकता २० मीटरपेक्षा वाईट ती टाकून द्या. १० तरी उरली पाहिजेत, नाहीतर पुन्हा. उरलेल्यांची सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. घोडबंदर रोडसारख्या टॉवरांच्या गर्दीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, एखादं रीडिंग भलतीकडे जातं आणि सरासरीला सोबत ओढतं. शिवाय अँड्रॉइडचा अचूकतेचा आकडा ६८ टक्के खात्रीचा असतो. म्हणजे ‘२० मीटर’ दिसलं तरी तीनातलं साधारण एक रीडिंग त्या वर्तुळाबाहेर असू शकतं. साठवताना किमान ५ दशांश स्थळं ठेवा, ती सुमारे १ मीटरपर्यंत पोचतात. तीनच ठेवलीत तर शंभरेक मीटरच्या उड्या पडतात.

खुणेचा मजकूर, थांब्यांचा क्रम, आवाज हे सगळं खेळाडूला खुशाल बदलू द्या. थांब्याभोवतीच्या वर्तुळाचं माप मात्र तुमच्याच हातात ठेवा. थांबा लागायला ३० मीटर, सुटायला ४५. दोन्हींना एकच आकडा दिलात तर काठावर उभ्या मुलाचा थांबा सारखा लागत-सुटत राहतो. दोन थांब्यांत १०० मीटर अंतर सक्तीचं करा.

थांबा लागला की सुटला हे ओळखायचं काम सिस्टिमच्या जिओफेन्सवर (फोनच्या नकाशावरचं आखलेलं कुंपण, आत-बाहेर गेल्यावर सूचना देणारं) सोडू नका. अँड्रॉइडवर त्याला किमान १०० ते १५० मीटरची त्रिज्या ठेवायची शिफारस आहे आणि पार्श्वभूमीत सूचना साधारण दोन-तीन मिनिटांनी येते. ॲप उघडं ठेवून अंतर स्वतः मोजा.

‘थांबा लागतच नाही’ अशी तक्रार आली की आधी परवानगी बघा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून खेळाडू ‘अंदाजे’ स्थान निवडू शकतो, आणि मग ३० मीटरच्या वर्तुळाला काही अर्थच उरत नाही.

पाम बीच रोडसारख्या रस्त्यांसाठी वेग ताशी १५ किमीच्या वर गेला की खेळ थांबवा. आणि मुलं पहिला थांबा हमखास स्वतःच्या गेटवर लावतात, म्हणून नकाशा दुसऱ्याला पाठवण्याआधी घराभोवतीच्या २०० मीटरमधले थांबे ॲपनेच गाळावेत.