टॉवर शेजारी, पण फोन छातीवर

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय 76) यंदा पेसमेकर बसवला. शेजारच्या स्लॅबवर मोबाइल टॉवर आहे, म्हणून आम्ही त्यांची कॉट मागच्या खोलीत हलवली. तिथे रेंजची जेमतेम एक दांडी येते. फोनला लावायचं ‘रेडिएशन शोषणारं’ स्टिकर एकानं आणून दिलंय. ते लावावं का? टॉवरची तक्रार कुठे करावी?
– एक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, आधी मला सांगा, मामंजी फोन ठेवतात कुठे? सदऱ्याच्या नाहीतर बंडीच्या वरच्या खिशात ना? आपल्याकडे तो खिसा डावीकडे असतो आणि पेसमेकरही बहुतेकांना छातीवर, डाव्या खांद्याच्या पुढच्या हाडाखालीच बसवतात. म्हणजे फोन नेमका त्याच्यावर. टॉवरच्या आधी मला ही काळजी वाटते.

आपल्या दूरसंचार विभागाचीच सूचना आहे की शरीरात असं यंत्र असेल त्यानं मोबाइल त्यापासून किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवावा. साधारण एक वीत. बोलताना फोन उजव्या कानाला लावायचा. आणखी एक गोष्ट, काही नव्या फोनमध्ये आणि पाकिटासारख्या कव्हरमध्ये चुंबक असतं. पेसमेकर तपासताना डॉक्टर त्यावर चुंबक धरतात, तेव्हा तो हृदयाची स्वतःची लय न बघता ठरावीक वेगानं ठोके देऊ लागतो. चुंबक काढलं की पूर्ववत. पण खिशातलं चुंबक दिवसभर कोण काढणार? शिंप्याकडून बंडीला उजवीकडे, कमरेजवळ खिसा शिवून घ्या. वरचा खिसा टाके घालून बंदच करा, नाहीतर सवयीनं हात तिकडेच जाईल.

आता मागची खोली. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन स्वतः जास्त जोर लावतो, आणि तो जोर लावतो कानाशी. दूरसंचार विभागही सांगतो की सिग्नल कमजोर असताना बोलणं टाळा, बोलणं थोडक्यात आटपा, स्पीकर किंवा वायरचा हेडफोन वापरा. तेव्हा कॉट पुन्हा पुढच्या खोलीत आणा. उजेडही बरा मिळेल त्यांना.

स्टिकर काढून टाका. त्यानं खरंच लहरी अडल्या, तर फोन आणखी जोर लावणार; नाही अडल्या, तर पैसे पाण्यात. आजारी माणसाच्या घरात शिरून भीती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

टॉवरच्या लहरी अंतराबरोबर झपाट्यानं विरळ होतात. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई. अँटेनाचा मुख्य झोत बहुतांशी आडवा, समोर जातो. खाली फारच कमी उतरतो. शिवाय भारतानं 2012 साली टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. खात्री हवी असेल तर 2017 साली सुरू झालेलं ‘तरंग संचार’ हे सरकारी संकेतस्थळ आहे. तिथे टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. शेजाऱ्यांशी वाकडं घेण्याआधी एवढं कराच.

कॅन्सरचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी मनात असेलच. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. पुरावा तोकडा असला, पण नाकारताही आला नाही, की त्या गटात टाकतात. पुढे 2024 साली याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. या वयात मामंजींना ती धास्ती घालू नका.

हँडसेटसाठी भारतात ‘सार’ची, म्हणजे फोनच्या लहरींची ऊर्जा शरीर किती शोषतं त्या मापाची, मर्यादा दर किलोमागे 1.6 वॅट आहे. बऱ्याच फोनवर *#07# दाबलं की आकडा दिसतो, नातवंडांकडून बघून घ्या. आणि पुढच्या तपासणीला पेसमेकरचं कार्ड आणि मामंजींचा फोन, दोन्ही सोबत न्या. चक्कर आली किंवा छातीत धडधडलं, तर फोन बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना कळवा. तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.