ऑडिटमध्ये ‘ओपनएसएसएच ९.२ जुनं’ असा शेरा आला म्हणून सोर्स कंपाइल करू नका

नमस्कार,

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन १२ वर आहे (डेबियन म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, ‘डिस्ट्रो’). २०२३ मध्ये बसवला, अधूनमधून अपडेट केला, पण तेव्हापासून रीबूट एकदाही नाही. सुरक्षा ऑडिटमध्ये ‘ओपनएसएसएच ९.२, सीव्हीई-२०२४-६३८७, धोका गंभीर’ असा शेरा आला आहे. (ओपनएसएसएच म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम, सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक.) सर्व्हर पुरवणारा म्हणतो, मूळ सोर्स (प्रोग्रामचा कोड) आणून सगळ्यात नवी आवृत्ती कंपाइल करून, म्हणजे स्वतः बनवून टाकू. संस्थेचे सचिव म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. तुम्ही विचारलंय, कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका. अहवालातला शेरा चुकीचा असण्याची दाट शक्यता आहे. मात्र तुमच्या सर्व्हरवर दुसरीकडे खरा धोका आहे आणि त्या अहवालात त्याचा उल्लेखही नाही.

शेऱ्यापासून सुरुवात करू. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हा दोष १ जुलै २०२४ रोजी जाहीर केला. लॉगिनसाठी दिलेली १२० सेकंदांची मुदत संपली की एसएसएचडी (सर्व्हरवर चालणारा ओपनएसएसएचचा भाग) एक सिग्नल हँडलर, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चालणारा कोड, चालवतं. त्या हँडलरमधून जे फंक्शन बोलावलं जात होतं, ते अशा जागी वापरण्यासाठी सुरक्षित नव्हतं. नेमका तो क्षण साधला तर पासवर्डशिवाय थेट रूट, म्हणजे सर्व्हरचे सर्वाधिकार. ३२-बिट लिनक्सवर त्यांना सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. वाईट वाटावं अशी गोष्ट म्हणजे हा दोष २००६ मध्येच सापडून दुरुस्त झाला होता. २०२० मधल्या एका बदलात ती दुरुस्ती निघून गेली. ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या आणि मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये दोष दुरुस्त केला.

आता स्कॅनर काय करतो? एसएसएचच्या पोर्ट २२ ला जोडतो, समोरून आलेला बॅनर (आवृत्ती सांगणारी ओळ) वाचतो, ‘९.२’ दिसलं की ते ९.८ पेक्षा लहान म्हणून लाल शेरा मारतो. डेबियनची पद्धत मात्र वेगळी आहे. स्टेबलमध्ये (त्यांच्या स्थिर आवृत्तीत) एकदा घेतलेली आवृत्ती ते शक्यतो बदलत नाहीत. दोष सापडला की नव्या आवृत्तीतून दुरुस्तीपुरता बदल उचलून जुन्या कोडवर बसवतात. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. या दोषाची दुरुस्ती डेबियन १२ मध्ये त्याच दिवशी, म्हणजे १ जुलैलाच आली, पॅकेज १:९.२पी१-२+डेब१२यू३. सुरुवातीचा ९.२ तसाच राहिला, फक्त शेवटचा आकडा बदलून ‘यू३’ झाला. रेड हॅट, अल्मा, रॉकी, उबुंटू सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

म्हणून तुम्ही एवढंच करा. ‘ॲप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा (ॲप्ट म्हणजे पॅकेज बसवणारं डेबियनचं साधन). ‘इन्स्टॉल्ड’ पुढे डेब१२यू३ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर दुरुस्ती डिस्कवर पोचली आहे. मग ‘ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ उघडा आणि त्यात ६३८७ शोधा. ती ओळ, पॅकेजची आवृत्ती आणि डेबियन सिक्युरिटी ट्रॅकरवरच्या या सीव्हीईच्या पानाची प्रत अशा तीन गोष्टी ऑडिटरला पाठवा. काम जाणणारा ऑडिटर त्यावर शेरा मागे घेतो. पुढच्या वेळी त्यांना सर्व्हरवर मर्यादित हक्कांचं लॉगिन देऊन स्कॅन करायला सांगा. आत शिरून पॅकेजची यादी वाचणारा स्कॅन आणि बाहेरून बॅनर वाचणारा स्कॅन यांच्या अहवालांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एक बारकावा. डेबियनचा एसएसएच बॅनरमध्ये ‘डेबियन-२+डेब१२यू३’ हे शेपूट स्वतःहून दाखवतो, म्हणजे चांगल्या स्कॅनरला दुरुस्ती बाहेरूनही कळते. पण ‘आवृत्ती लपवा’ असा सल्ला वाचून बरेच जण कॉन्फिगमध्ये ‘डेबियनबॅनर नो’ करतात. शेपूट गेलं की उरतं नुसतं ९.२ आणि असा शेरा हमखास येतो. तुमच्याकडे तसं आहे का बघा. लपवल्याने हल्लेखोराला काडीचाही फरक पडत नाही, तो आकडा न वाचताच प्रयत्न करतो.

आता कंपाइल करण्याबद्दल. हा सल्ला मला मनापासून नकोसा वाटतो, कारण तो देणारा माणूस पुढच्या जुलैत तुमच्याजवळ नसणार. सोर्समधून बसवलेला एसएसएचडी ‘यूएसआर-लोकल’मध्ये जाऊन बसतो आणि ॲप्टला त्याचा पत्ताही नसतो. पुढचा दोष जाहीर होईल, डेबियन दुरुस्ती पाठवेल, ती आपल्या पॅकेजला लागेल, आणि हाताने बसवलेली प्रत जशीच्या तशी पोर्टवर ऐकत राहील. पॅकेज अद्ययावत दिसेल, चालू असलेला प्रोग्राम मात्र जुनाच. शिवाय पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) आणि सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) यांच्याशी नीट जुळणी डेबियनने पॅकेजमध्ये करून ठेवलेली असते, ती तुम्हाला नव्याने करावी लागेल. मूळ प्रकल्पाकडून थेट घ्यायचं तर त्यांच्या सूचना रोज वाचणारा माणूस हवा. पतसंस्थेत तो नसतो, आणि नसला तर त्यात कमीपणा नाही. डिस्ट्रो वापरायची ती त्यासाठीच.

‘सगळ्यात नवं म्हणजे सगळ्यात सुरक्षित’ हेही खरं नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. आंद्रेस फ्रॉयंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने माग काढला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घुसवलेलं मागचं दार सापडलं. ज्यांनी नवी आवृत्ती आल्याआल्या घेतली होती, त्या डेबियन टेस्टिंग, अनस्टेबल आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्या त्यात सापडल्या. डेबियन १२ मध्ये ५.४.१ होतं, ते वाचलं. याचा अर्थ अपडेट लांबवा असा मुळीच नाही. नवी वैशिष्ट्यं सावकाश येऊ द्या, दोषाची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी घ्या. स्टेबल डिस्ट्रो तुम्हाला नेमकं हेच देते.

आता खरा धोका, म्हणजे तो न झालेला रीबूट.

अपडेट केलं म्हणजे दुरुस्ती डिस्कवर आली. ती मेमरीत आली का, हा वेगळा प्रश्न आहे. समजा ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीचं अपडेट आलं. ॲप्ट जुनी फाइल काढून त्याच नावाने नवी ठेवतं. पण तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने जुनी फाइल आधीच उघडून ठेवलेली असते. नाव गेलं तरी तो प्रोसेस बंद होईपर्यंत कर्नल (लिनक्सचा गाभा) ती जुनी प्रत जपून ठेवतं. म्हणजे पॅकेज नवं आणि येणारी प्रत्येक जोडणी जुन्याच कोडमधून जातेय. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड दोषाच्या वेळी अपडेट करूनही सर्व्हिस रीस्टार्ट न केलेले सर्व्हर उघडेच राहत होते ते यामुळेच. तुमच्याकडे ‘एलसॉफ’ (उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा) चालवून त्यात ‘डेल’ खूण असलेल्या लायब्ररींच्या ओळी शोधा. २०२३ पासून चालू असलेल्या मशीनवर ती यादी लांबलचक निघेल असा माझा अंदाज आहे.

सोपा मार्ग म्हणजे ‘नीडरीस्टार्ट’ पॅकेज बसवा. प्रत्येक अपडेटनंतर कोणत्या सर्व्हिस जुन्या लायब्ररीवर चालल्या आहेत आणि कर्नल जुना आहे का, ते तो सांगतो. (नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द नीडरीस्टार्टमध्येच स्थानिक वापरकर्त्याला रूट मिळवून देणारे दोष सापडले होते. डेबियनने ते दुरुस्त केले आहेत, पण तोही अपडेटमध्ये राहू द्या.)

कर्नलचं गणित आणखी सरळ आहे: रीबूटशिवाय नवा कर्नल लागत नाही. ‘यूनेम -व्ही’ चालवा. डेबियनवर त्यात चालू कर्नलच्या पॅकेजची आवृत्ती आणि तारीख दिसते. तुमच्याकडे २०२३ ची तारीख दिसेल. सीव्हीई-२०२४-१०८६ हा कर्नलच्या एनएफटेबल्स या फायरवॉल भागातला दोष जानेवारी २०२४ मध्ये मूळ कर्नलमध्ये दुरुस्त झाला. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने त्याला ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या’ दोषांच्या यादीत टाकलं. साध्या वापरकर्त्याला रूट मिळवून देणारा हा दोष. वेबसाइटमधून कोणी साध्या हक्कांनिशी आत शिरला तरी पुढची पायरी त्याच्यासाठी तयार आहे. ऑडिटरच्या बॅनर-स्कॅनला यातलं काहीही दिसत नाही.

सचिवांची भीती मात्र मला समजते. इतके दिवस बंद न झालेलं मशीन बंद केल्यावर परत उठेल का, ही शंका रास्तच आहे. ‘हात लावू नका’ हा त्यावरचा उपाय नाही, कारण वीज आणि पॉवर सप्लाय कोणाला विचारून जात नाहीत. रविवारी संस्था बंद असताना ठरवून रीबूट करा. आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातला डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उतरवून, उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉटही घ्या. प्रत्यक्ष मशीन असेल तर मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसा, दुरून करू नका. हाताने सुरू केलेली एखादी सर्व्हिस आपोआप उठणार नाही, म्हणून आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी आधीच काढून ठेवा. पहिला रीबूट जड जाईल. त्यानंतर महिन्यातून एकदा केलात की त्याची धास्ती उरत नाही.

रोजच्या कामासाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ चालू करा. सुरक्षेची दुरुस्ती आली की तो रात्रीच्या रात्री बसवतो. आपोआप रीबूट करत नाही, तसं सांगितल्याशिवाय. ‘आपोआप अपडेटने काही मोडलं तर?’ असं नेहमी विचारतात. स्टेबलच्या सुरक्षा-दुरुस्त्या मुद्दाम लहान ठेवलेल्या असतात. त्यांनी काही मोडल्याचं मी पाहिलंय, पण दुरुस्ती न लावल्यामुळे मोडलेले सर्व्हर त्याहून कितीतरी जास्त पाहिलेत. डेटाबेसची सर्व्हिस भरदिवसा रीस्टार्ट नको असेल तर तेवढं पॅकेज वगळा आणि ते रविवारच्या यादीत टाका. डेबियनच्या सुरक्षा-घोषणांची मेलिंग लिस्टही सुरू करा आणि तो मेल संस्थेच्या पत्त्यावर येऊ द्या, एकट्या तुमच्या नको.

ॲप्टच्या नजरेबाहेर काय आहे, हे एकदा शांतपणे शोधा. वर्डप्रेस आणि त्याची प्लगइन्स, विक्रेत्याने आणून ठेवलेली जावाची जार फाइल, डॉकरच्या इमेज (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसह बांधलेला गठ्ठा; त्यातून चालतो तो कंटेनर). डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या दोषाच्या वेळी बहुतेकांची धावपळ झाली ती याचमुळे. ती लायब्ररी जार फाइलच्या पोटात दडलेली, पॅकेजच्या यादीत नाव नाही. डॉकरचंही तसंच. होस्ट कितीही अपडेट करा, कंटेनर जुन्या इमेजवरच चालतो, इमेज नव्याने ओढून कंटेनर पुन्हा उभा करेपर्यंत. ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ देऊन बघितलंत तर कोणत्याही रिपॉझिटरीत आता नसलेली पॅकेजेसही सापडतील. त्यांना दुरुस्ती कुठूनच येणार नाही.

तारखांकडेही लक्ष असू द्या. डेबियन १२ ला सुरक्षा पथकाचा आधार जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे एलटीएस (दीर्घकाळ आधार देणाऱ्या) गटाचा जून २०२८ पर्यंत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आहे. १२ वरून १३ वर जा, मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ हा छोटा प्रोग्राम, कोणत्या पॅकेजांना अपुरा आधार आहे ते सांगतो.

ऑडिट झालंच आहे, तर नोंदींचंही बघून घ्या. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. डेबियनमध्ये अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग मुळात १४ दिवसच राहतात, आणि जर्नलडी (सिस्टमच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) दिवस मोजत नाही, जागा भरली की जुन्या नोंदी काढतो. दोन्ही ठिकाणी मुदत वाढवा आणि एक प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा. सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस त्याच सर्व्हरवरचे लॉग आधी पुसतो.

‘ॲप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ आणि ‘यूनेम -व्ही’ या दोन्हींचं आउटपुट इथे टाका, आयपी आणि होस्टनेम काढून. डॉकर वापरता का तेही लिहा. ते बघून ऑडिटरला द्यायच्या उत्तराचा मसुदा लिहून देतो.