दुसऱ्याच्या पासपोर्टवरचा सल्ला

सातारा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. एवढं उत्तर फोनवर टाइप करणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया फिरायचं, वाटेत महिना-दोन महिने कुठेतरी इंग्रजी शिकवायचं आणि त्या पैशावर पुढे सरकायचं. बेत मला आवडला. कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यातली पोर ‘कमवा आणि शिका’ म्हणणारच; तू तेवढं ‘कमवा आणि फिरा’ केलंस.

पण तू ज्यांचे व्हिडिओ बघून हे ठरवलंस, ते सगळे अमेरिका-इंग्लंडचा पासपोर्ट खिशात असलेले. ‘आधी जाऊन पोहोचा, काम मिळतंच’ हे त्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. आपण तसं केलं की फसतो. काम इथे बसून ठरवायचं, कागद हातात घ्यायचे आणि मगच तिकीट काढायचं.

माझंच सांगते. ईशान्य थायलंडातल्या एका शाळेने कळवलं, पर्यटक म्हणून या, कागदाचं इथे बघू. मी गेले. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं तिथे बेकायदा. नॉन-इमिग्रंट बी हा व्हिसा आणि शिवाय वर्क परमिट, दोन्ही लागतात. त्या व्हिसासाठी मला लाओसमध्ये व्हिएन्टिआनच्या थाई वकिलातीत धाडलं आणि शाळेचं पत्र काही येईना. नऊ दिवस मेकाँगच्या काठी पदरचं लॉजभाडं भरत बसले. नदी सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण माहुलीच्या घाटावर फुकट बसता येतं गं.

एवढा व्याप कोणतीही शाळा महिनाभरासाठी करत नाही. म्हणून ‘थोडे दिवस’ म्हणजे एक सत्र, असंच धरून चाल. थाई शाळांचं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतं, दुसरं नोव्हेंबर ते मार्च. फिरणं मधल्या सुट्ट्यांत. नोव्हेंबरच्या जागेसाठी गणपतीतच अर्ज गेलेले बरे. पहिला पगार महिना भरल्यावर मिळतो, तेव्हा दोन महिन्यांचा खर्च गाठीला ठेव. व्हिएतनाममध्ये संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालणारी इंग्रजी सेंटर भरपूर, आपल्या पोवई नाक्यावरच्या क्लासेससारखी. पण वर्क परमिटला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी तिथेही चुकत नाही. कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात आपण नाही. खरोखर महिन्याभराचाच हट्ट असेल तर नेपाळला जा. पैसे फार सुटणार नाहीत, पण आपल्याला व्हिसा लागत नाही.

जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी हीच मातृभाषा असलेला, हे शब्द दिसतील. फिलिपिन्सचे कितीतरी उत्तम शिक्षक त्या शाळांत कमी पगारावर राबताना मी पाहिलेत. राग येतो, मला अजून येतो. त्यावर उपाय एकच, डेमो लेसन. ऑनलाइन १२० तासांचं टेफल, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र अर्जासाठी लागेल, पण त्यात समोर मूल नसतं. सेल्टा हा तसाच केंब्रिजचा अभ्यासक्रम महाग आहे, पण त्यात सहा तास खऱ्या वर्गावर शिकवावं लागतं. तेवढे पैसे नसतील तर माझ्या आठवीच्या पोरांवर हात साफ करून घे. थाई भाषेत इंग्रजीतल्यासारखे नामाआधीचे ‘ए’ आणि ‘द’ नाहीत, मराठीतही नाहीत. मूल कुठे अडखळणार हे तुला आधीच कळेल, कारण सहावीत तूही तिथेच अडखळायचीस. वह्या मीच तपासल्यात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मात्र सुधार. तुझी द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू दोन्ही ‘वाइन’च ऐकू येतात. बघ, मलाही लिहून फरक दाखवता येईना.

डेमो न मागता, टेलिग्रामवर चार ओळी बोलून नोकरी आणि वर फुकट तिकीट देणारा भेटला तर तिथेच थांब. बँकॉकच्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमधल्या म्यावाडीला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्या जाहिराती शिकवण्याच्या नव्हत्या, पण गळ तोच.

एवढं सगळं करून जायचं कशाला, असं वाटेल. तिकडे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. मूळ शब्द आपला गुरू. जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाई ख्रू’, म्हणजे गुरुवंदनेचा कार्यक्रम, होतो. (आपल्या वाईचा काही संबंध नाही, मीही विचारलं होतं.) मुलं गुडघ्यांवर चालत येतात आणि फुलांचं तबक हातात देतात. त्यात वांग्याचं फूल असतं, ते खाली झुकतं म्हणून नम्रतेचं. लाह्या असतात, आणि चिवट हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा. परक्या गावात दूर्वा हातात पडल्यावर मला बोलायला सुचेना. पुढचा तास तसाच वाया गेला.

आता तुझं पहिलं काम. शिवाजी विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव शेजारी ठेवून बघ. आपल्याकडे मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं, आणि परदेशातला कारकून तेवढ्यावर फाइल परत करतो. परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग वकिलातीचा, हे सगळं त्यानंतर. रविवारी दोन्ही कागद घेऊन घरी ये. दहाच्या आत ये, नंतर क्लासची मुलं येतात.

तुझ्या
बाई