शेपटी बघा, मग वाद घाला

प्रश्न : मुलाकडे कोलोरॅडोला गेले होते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कात सगळे "ते बघा हरीण" म्हणायचे, मला मात्र नुसते दगडधोंडे दिसायचे. सोबत पाठवलेल्या फोटोतलं हरीण मुलगा म्हणतो म्यूल डिअर, सून म्हणते पांढऱ्या शेपटीचं. खरं कोण? येत्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. माझं मला दिसेल असं काहीतरी सांगा.
– एक वाचक, विटा

उत्तर : ताई, सूनबाईंना सांगा, या खेपेला मुलगा जिंकला. फोटोत मादी आहे, म्हणजे शिंगांचा प्रश्नच मिटला. पण ती पाठमोरी उभी आहे हे बरं झालं. ढुंगणावर पांढरा ठिपका, त्यावर दोरीसारखी बारीक शेपटी आणि टोकाला काळा गोंडा. हे म्यूल डिअरच. म्यूल म्हणजे खेचर. कानांवरून नाव पडलंय. पांढऱ्या शेपटीवाल्याची शेपटी रुंद, वरून तपकिरी, खालून पांढरी असते आणि पळताना निशाणासारखी उभी राहते. म्यूल डिअर घाबरलं की चारही पाय एकदम उचलून टणाटण उड्या घेत चढणीला लागतं.

नराची शिंगं एका फांदीला दोन, त्या दोनांना पुन्हा दोन अशी फुटतात. पांढऱ्या शेपटीवाल्याला एकाच वाकड्या दांड्यावर ओळीनं टोकं असतात. पण जूनमध्ये शिंगं अजून वाढत असतात, वर मखमली लव असते. तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता दिसायचं कसं? माझी नोकरी माणमध्ये गेली, वनरक्षक म्हणून. पहिल्या वर्षी चिंकारा मला दिसतच नसे. कुसळी गवत वाळलं की तोही त्याच रंगाचा. एका धनगराच्या पोरानं हसून सांगितलं, "सायेब, हरीण हुडकू नका, पाठ हुडका." झुडपं, दगड, सगळं उभं-तिरकं असतं, त्यात एखादी आडवी रेघ दिसली की थांबायचं. पुढं जावयाकडे यूटाला गेलो, तिथंही तेच कामाला आलं. अर्धा तास ज्याला मी झुडूप समजत होतो, त्यानं माशी हाकलायला कान हलवला!

तुम्ही कोलोरॅडोत उजाडताना नाहीतर दिवस कलताना जा. दुपारी ती उतारावर सावलीला बसून रवंथ करतात, तेव्हा झाडाच्या बुंध्याशी कान शोधा. ऊन पाठीवर घ्या. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. पण आधी नुसत्या डोळ्यांनी जवळून लांब, सावकाश बघत जा. गडद मानेचं, घोड्याएवढं धूड दिसलं तर ते एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, त्यावरून घरात नवा वाद नको. उन्हाळ्यात म्यूल डिअर तांबूस असतं. तुमच्या फोटोतलं राखाडी आहे ते थंडीतलं.

आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका. तिथं हरणापासून किमान ७५ फूट लांब राहायचा नियम आहे. मुलाला गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायला सांगा, दहा मिनिटं कुणी बोलू नका.