भरलेलं अंग, दुखरे खूर : घोडेमालकांच्या प्रश्नांना उत्तरं

कार्तिकी एकादशी झाली की माझा फोन वाजू लागतो. चार महिने दावणीला उभी असलेली वरातीची घोडी मालक तुळशीच्या लग्नानंतर बाहेर काढतो आणि ती पाऊल टाकत नाही. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे काम नाही. नेमकं त्याच वेळी बांधावर हिरवं गवत भरपूर, आणि चंदी, म्हणजे रोजचा दाणा, मात्र लग्नसराईइतकीच चालू. फार्महाऊसवरचे हौशी घोडे आणि शर्यतीतून निवृत्त होऊन आलेले घोडे यांचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. कारण तोच गैरसमज पुन्हा पुन्हा येतो : घोडा जितका जाड तितका सुदृढ.

घोडा जाड आहे की नुसता भरलेला, हे घरी कसं ओळखायचं? वजनकाट्यावर न्यावं लागेल का? (फलटण)

काटा नसला तरी चालेल, हात पुरेत. तुमच्या एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर घोडा रोड आहे. आता हात सरळ पसरून पंज्याच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं दिसत नाहीत, पण हलक्या दाबाला कळतात. बरगड्या अशा हव्यात. हात उलटा करून तळव्याच्या गादीवरून बोटं फिरवल्यावर जसं मऊ लागतं, तसं बरगड्यांवर लागलं तर घोडा लठ्ठ आहे. मग मानेचा वरचा कणा पाहा, आयाळीच्या मुळाशी. तिथे चरबीचा कडक, मुठीत न मावणारा पट्टा झाला असेल तर बाकी काही न पाहता डॉक्टरांना बोलवा. खांद्यामागचा फुगवटा, शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे आणि पाठीच्या मधोमध पडलेली पन्हळ याही चरबीच्याच खुणा. पाठीवर ओतलेलं पाणी पन्हळीत थांबतं म्हणून घोड्याचं कौतुक करणारे व्यापारी मी पाहिले आहेत. ती चरबी आहे.

वजनासाठी शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 केलं की किलोमध्ये अंदाज मिळतो. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 365 किलो. अचूक आकड्यापेक्षा दर पंधरवड्याला त्याच माणसाने, त्याच टेपने मोजून वहीत लिहिणं जास्त महत्त्वाचं.

दिवसाला वैरण किती द्यावी? (सांगोला)

वजन उतरवायचं असेल तर आजच्या वजनाच्या दीड टक्का सुका चारा, म्हणजे वरच्या 365 किलोच्या घोड्याला साडेपाच ते सहा किलो सुकं गवत, अंदाजाने नाही तर काट्यावर तोलून. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा "दहा किलो हिरवं देतो" या वाक्यावरून काहीच कळत नाही. नेमका हिशेब तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून करा.

दोन दिवस उपाशी ठेवलं की पोट उतरतं असं आमचे जुने मोतद्दार सांगतात. करावं का? (जुन्नर)

मुळीच नाही. जाड घोडा एकाएकी उपाशी राहिला की अंगातली चरबी भराभर रक्तात उतरते, रक्त दुधाळ होतं, यकृत निकामी होतं आणि जनावर दगावतं. तट्टं, गाढवं आणि गाभण घोड्या यांना हा धोका सगळ्यात जास्त. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, त्यामुळे पोट रिकामं राहिलं की जठराला जखमा होतात. उपाय उलटा आहे : चारा कमी ताकदीचा द्या, पण तो खायला वेळ लागू द्या. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं की दोन तासांत संपणारा चारा पाच-सहा तास पुरतो. कुरणात सोडायचं असेल तर बैलाला कामावर घालतो तसं मुसकं घालता येतं. ते घोड्याच्या तोंडाच्या मापाचं हवं आणि त्यातून पाणी पिता आलं पाहिजे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरे, त्याहून घाई नको. रक्ताची तपासणी करून घेतल्याशिवाय चारा दीड टक्क्याच्या खाली नेऊ नका.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकायचा आहे. दोन महिने गूळ, तूप, दूध आणि भिजवलेला हरभरा चालू केला आहे. आणखी काय द्यावं? (धुळे जिल्हा)

आणखी काहीही देऊ नका, आणि जे चालू आहे तेही दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवा.

दत्तजयंतीला तापीकाठी जो बाजार भरतो, तिथे मी अनेक वर्षं जातो. इतके देखणे मारवाडी, काठेवाडी आणि नुकरे (पांढरे) घोडे एका जागी फार थोड्या ठिकाणी दिसतात. दुःख याचं की गिऱ्हाईक पाय बघायच्या आधी पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, बघतं आणि व्यापारी पुठ्ठा भरून देतात. गूळ म्हणजे साखर, हरभरा आणि मका म्हणजे स्टार्च. लहान आतड्याला न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो आणि पोटदुखी किंवा खुरांचा आजार ओढवतो. "अंग धरायला" म्हणून कोणी इंजेक्शन सुचवलं तर बाटलीवरचं नाव वाचा. त्यात स्टिरॉइड असेल आणि घोडा आधीच लठ्ठ असेल, तर खूर जाण्याचा धोका तुम्ही स्वतःच्या हाताने टोचून घेत आहात. विकत घेणाऱ्यालाही सांगतो : घोडा कडक जमिनीवर दोन्ही बाजूंना छोट्या गोलात चालवून दाखवायला सांगा आणि सौदा होण्याआधी स्वतःचा डॉक्टर न्या.

वजन कमी करायची पावडर मिळते, तोबऱ्यात घालायची. उपयोग होतो का? (पुणे)

दाणा कमी न करता नुसत्या पावडरीने वजन उतरत नाही, पैसे जातात. इन्शुलिनवर आणि थायरॉइडवर खरी औषधं आहेत, पण ती तपासणीनंतर डॉक्टरांनी लिहून द्यायची असतात.

आमची नुकरी घोडी आठ वर्षांची. वरातीला चालते, नाचते. पावसाळाभर बसून होती. आठ दिवसांपासून पुढचे पाय जपून टाकते, वळताना अडखळते. वात धरला असेल असं वाटून तेलाने मालीश चालू आहे आणि पाय मोकळे व्हावेत म्हणून रोज फिरवतो. खाणं-पिणं उत्तम. (सातारा जिल्हा)

फिरवणं आजच्या आज थांबवा. हे उत्तर वाचून होण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलेली लक्षणं लॅमिनायटिसची वाटतात. घोडी न पाहता मी निदान करणार नाही, पण वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नाही. खुराच्या आत बोटाचं शेवटचं हाड असतं. ते खुराच्या भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं, वहीची पानं एकमेकांत गुंतवावीत तसं. घोड्याचं पुढचं सगळं वजन या पापुद्र्यांवर तोललेलं असतं. लठ्ठ घोड्याच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते जास्त जास्त सोडतं. निरोगी घोड्यांच्या रक्तात नुसतं इन्शुलिन वाढवलं तरी लॅमिनायटिस होतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पापुद्रे ताणले जातात, सुटतात आणि हाड आत फिरतं किंवा खाली धसतं. चार महिने उभी घोडी, हिरवं गवत आणि रोजची चंदी. या आजाराला आणखी काय लागतं?

हे तुम्हाला घरी तपासता येतं. घोडी शांत उभी असताना पुढच्या पायाच्या गाठीमागे, दोन्ही बाजूंना, बोटाची टोकं हलकेच ठेवा. निरोगी पायात नाडी शोधावी लागते, कधी सापडतही नाही. लॅमिनायटिसमध्ये ती बोटाला ठणठण आपटते. मग तळवा खुराच्या भिंतीवर पाच मिनिटं ठेवा आणि कोणता खूर जास्त गरम लागतो ते चारही खूर ताडून पाहा. उभं राहण्याची ढबही बघा : पुढचे पाय पुढे टाकलेले, भार मागे घेतलेला, सारखा या पायावरून त्या पायावर. खाणं-पिणं उत्तम असणं हा दिलासा नाही. यातले बरेच घोडे वेदनेतही खात राहतात.

डॉक्टर येईपर्यंत एवढंच करा. चंदी, गूळ, हिरवा चारा बंद; सुकं गवत आणि पाणी चालू. उभं राहायला मऊ वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा जाड थर करा. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय सतत बर्फाच्या पाण्यात ठेवल्याचा फायदा होतो. तुमचे आठ दिवस गेले आहेत, तेव्हा ते डॉक्टरांना विचारून करा. घरात पडलेली वेदनाशामक गोळी देऊ नका. मात्रा चुकली तर जठर आणि मूत्रपिंड जातं, आणि दुखणं दबल्यामुळे घोडी आणखी चालून पाय आणखी बिघडवते. खुरांचा एक्स-रे काढायला सांगा. नालबंद आणि डॉक्टर एकाच दिवशी, एकाच एक्स-रेसमोर उभे राहिले पाहिजेत. खूर किती आणि कुठून कापायचा हे त्यावरच ठरतं.

अशीच एक घोडी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन आठवडे उशिरा आली. मधल्या काळात मालीश, शेक, काढा, रोज दोन किलोमीटर डांबरी रस्ता असं सगळं झालं होतं. मी पाय उचलून तळवा साफ केला, तर खुराच्या पुढच्या भागात चंद्रकोरीसारखी ओली, लालसर रेघ होती. हाडाचं टोक तिथे तळव्याला येऊन टेकलं होतं. मालक अत्यंत प्रेमळ माणूस होता. रात्री तिच्याजवळ झोपायचा, हाताने भाकरी भरवायचा. ती घोडी वाचवता आली नाही. पहिल्या दोन दिवसांत फोन आला असता तर शक्यता खूप वेगळी असती, हे मला त्याला सांगावं लागलं. म्हणून हे इतकं लांबवून लिहितो आहे.

तुमची घोडी बरी झाली तरी ढोलाच्या तालावर डांबरावर नाचणं हा विषय या हंगामापुरता तरी संपला असं समजा. पुढच्या चातुर्मासासाठी आत्ताच ठरवा : काम थांबेल त्या दिवशी चंदी थांबली पाहिजे.

भीमथडी जातीचं तट्टू फार्महाऊसवर ठेवलं आहे. दाणा अजिबात देत नाही, फक्त हत्तीगवत आणि गव्हाचा कोंडा. तरी जाड होतंय. (मुळशी)

होणारच. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही जात मेंढपाळ धनगरांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालत आली, वाटेत मिळेल ते खाऊन. थोडक्यात भागवायची तिच्या शरीराची सवय आहे. ते ओझंही गेलं आणि ती वाटही गेली. आता ताटात भरपूर आहे.

तुमच्या दोन्ही गोष्टींत वजनापलीकडचाही एक दोष आहे. हत्तीगवतात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. दोन्ही मिळून महिनोन्‌महिने चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, घोडा लंगडतो, चेहऱ्याची हाडं सुजून जाड होतात. कोंडा बंद करा आणि हत्तीगवताच्या जागी हळूहळू, दोन आठवड्यांत, सुकं डोंगरी गवत आणा. कुसळं असलेलं नको, तोंडात टोचतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, पण तो ताकदवान चारा आहे, तेव्हा मूठभरच. नुसत्या सुक्या गवतावर खनिजं कमी पडतात, म्हणून घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून द्या. गाईची किंवा कोंबड्यांची पेंड देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाय ते सहज पचवते, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं.

सुकं गवत भिजवून दिलं तर साखर कमी होते म्हणतात. खरं आहे का? (नाशिक)

खरं आहे, पण किती कमी होते ते गवतावर अवलंबून असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर भिजवू नका, आंबतं; अर्धा-पाऊण तास पुरे. ते पाणी फेकून द्या आणि गवत लगेच खायला घाला.

रोज किती पळवावं? (कोल्हापूर)

आधी पळवू नका, चालवा, तेही नाडी आणि खूर तपासून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. निरोगी पायांच्या घोड्याला आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाल आणि मग दुडकी, इथवर महिनाभरात न्या.

घोडीचं पोट सुटलंय, पण बरगड्या दिसतात. चारा कमी करू का? (लातूर)

नाही. बरगड्या दिसत असतील तर ती लठ्ठ नाही. पोटात जंत असू शकतात, निकृष्ट चाऱ्याने पोट ताणलेलं असू शकतं, किंवा ती गाभण असू शकते. घोडीचे अकरा महिने जातात आणि मालकाला आठवणच नसते असं अनेकदा घडतं. शेण तपासून घ्या. पोटाखाली बोट दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहिला तर ते पाणी आहे, आणि पावसाळ्यानंतर माश्यांनी पसरणाऱ्या सर्‍याचा, म्हणजे रक्तातल्या परजीवीच्या आजाराचा, संशय येतो. रक्ततपासणी याच आठवड्यात करा.